चाळीस ठिपके

वृंदा माईणकर मॅडमचं यंत्रांशी वाकडं नव्हतं. त्यांचं वाकडं होतं पडद्याशी. सांगलीच्या एका महाविद्यालयात त्या एम.कॉम.च्या मुलांना वित्तव्यवस्थापन शिकवत, आणि शिकवत म्हणजे अशा की खडू हातात घेतला की तास संपेपर्यंत गाडी मधल्या कुठल्याही स्टेशनावर थांबायची नाही. पुढे अभ्यासक्रम हायब्रिड झाला. आठवड्यातले दोन दिवस वर्गात, तीन दिवस घरी पडद्यासमोर. ते तीन दिवस मॅडमच्या डोळ्यांत खुपायचे. घरी बसून पोरं काय शिकणार आहेत, लोळत असतील आणि चहा ढोसत असतील, असं त्या स्टाफरूममध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. राग आधीपासूनच नाकावर, त्यात हे आयतं निमित्त मिळालेलं.

नुसता रागच असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या वर्षी विद्यापीठाने एक समिती नेमली. वित्ताच्या विषयाला वर्गाचे दोन दिवस हवेत तरी कशाला, हा तिच्यापुढचा प्रश्न. सगळंच पडद्यावर गेलं तर खोल्या मोकळ्या होतील, मास्तर कमी लागतील. मॅडमचे तास तर आधीच चित्रित करून ठेवलेले होते, तेच मुलांना दाखवायचे. आणि खुद्द मॅडमनी काय करायचं? एका खोलीत बसून पडद्यावरच्या हजेरीवर देखरेख करायची. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. वर्ग गेला तर आपल्यात उरतंच काय, हा विचार बाईंची पाठ सोडायचा नाही, पण हे त्या कोणाला बोलून दाखवणाऱ्यातल्या नव्हत्या.

निर्णय मुलांच्या मतावर व्हायचा होता, आणि तिथेच घोडं अडलं. मुलांना मत विचारायचं म्हणजे प्रश्नावली द्यायची. मुलं काय करतात, तर न वाचता वरपासून खालपर्यंत 'उत्तम'वर खूण करतात आणि कँटीन गाठतात. वर्गही उत्तम, पडदाही उत्तम, दोन्ही मिळून तर फारच उत्तम. म्हणून विद्यापीठाने 'उमज' आणलं.

उमज म्हणजे मनगटावर बांधायची एक साधी पट्टी. आत बारीक हिरवा दिवा. तो कातडीवर उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडावरून नाडीचा ठोकान् ठोका टिपतो. शेजारी दोन चकत्या, घामाचा ओलावा मोजणाऱ्या. यामागची कल्पना अशी की एखादी गोष्ट डोक्यात शिरत नसली की माणूस नकळत श्वास रोखतो, नाडी किंचित मंदावते, तळवा ओलसर होतो. आणि गाठ सुटली की श्वास मोकळा होतो, नाडी उसळून पुन्हा ठिकाणावर येते. आधी अडणं, मग सुटणं. ही जोडी दिसली की यंत्र समजतं, या मुलाला कळलं, आणि त्याच्या नावाचा एक ठिपका भिंतीवरच्या पाटीवर उजळवतं. श्वास मोजायला वेगळं काही बसवलेलं नव्हतं. श्वास घेताना नाडी थोडी पळते, सोडताना मंदावते, तेव्हा नाडीवरून श्वासाचा अंदाज येतोच, मग उगाच पट्टी महाग कशाला करा, असा हिशेब बनवणाऱ्यांनी केला होता.

तोंड खोटं बोलेल, पण नाडी कशी बोलेल, असं विद्यापीठाच्या माणसाने सांगितलं तेव्हा मॅडमनी नाक मुरडलं होतं. पण पहिल्या महिन्यातच त्यांचं मत फिरलं.

त्या बीटा समजावून देत होत्या. बाजार हलला की एखादा शेअर किती हलतो त्याचं माप म्हणजे बीटा. फळा भरला, खडू ठेवला, हात झटकले, मुलांकडे वळून नेहमीसारखं विचारलं, कळलं? आणि पाटीवर एक ठिपका उजळला. गौतम कांबळेचा. मॅडमनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. पुढच्या तासाला आठ-दहा ठिपके उजळले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर अशी वेळ आली की मॅडमनी खडू ठेवायचा अवकाश, वर्गातले सगळेच्या सगळे चाळीस ठिपके लखलखायचे.

आणि पडद्यावरच्या तासांचं काय? घरीही पट्टी बांधलेली असायची, पण तिथे आपला एखादा ठिपका इकडे, एखादा तिकडे, आणि मध्ये लांबच लांब अंधार.

बाई बदलल्या. कशाला खोटं सांगा, चांगल्याच बदलल्या. इतकी वर्षं कपाळावर मुक्काम ठोकून असलेल्या आठ्या हलल्या. वर्गात त्या गोष्टी सांगायला लागल्या. एकदा वायदेबाजार शिकवताना त्यांनी हरिपूरच्या पेवांतली हळद काढली. जुन्या काळी जमिनीखाली खोल पेवात हळद साठवायचे, तोंड बंद करायचे आणि आत काय आहे ते न बघता वर सौदे चालायचे. भाव पुढे काय होईल याची भीती विकणारा एक आणि ती विकत घेणारा दुसरा. वायदा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, असं म्हणून त्यांनी खडू ठेवला आणि चाळीस ठिपके एकदम उजळले. त्या दिवशी घरी जाताना मॅडम रिक्षात गुणगुणत होत्या म्हणे.

सगळ्यात जीव जडला तो प्राची मगदूमवर. प्राची वर्गाची प्रतिनिधी. जतच्या पलीकडच्या गावची, शनिवार धरून चार दिवस गावच्या पतसंस्थेत काम करायची आणि दोन दिवस बस पकडून सांगलीला यायची. मॅडम तिला तासानंतर घरी घेऊन जायच्या, गरम थालीपीठ करून वाढायच्या, वर लोण्याचा गोळा. स्वतःची जुनी पुस्तकं त्यांनी तिला देऊन टाकली. एकदा ती खात असताना त्या म्हणाल्या होत्या की तुम्ही मुलांनी मला पुन्हा उभं केलंत. प्राची खाली मान घालून खात राहिली. मॅडमना वाटलं, पोर लाजली.

समितीसमोर मॅडम आलेख घेऊन गेल्या. वर्गाची रेघ डोंगरासारखी वर गेलेली, पडद्याची जमिनीला टेकलेली. अध्यक्ष होते डॉ. हेरवाडे. आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस. मॅडम तावातावाने बोलल्या. मुलांना वर्ग हवा आहे, त्यांच्या नाड्या सांगताहेत, पडद्यावर हा विषय शिकवणं म्हणजे मुलांच्या डोळ्यांत धूळ फेकणं आहे. हेरवाड्यांना हे इतकं पटलं की त्यांनी मॅडमनी मागितलं त्याच्याही पुढे मजल मारली. पडद्याचे तीनही दिवस बंद. पुढच्या सत्रापासून पाचही दिवस वर्ग, हजेरी सक्तीची.

दुसऱ्या दिवशी मॅडम पेढे घेऊन वर्गात आल्या. बातमी सांगितली. स्वतः बाकाबाकांपाशी जाऊन एकेकाच्या हातावर पेढा ठेवला. पोरांनी पेढे हातात धरून ठेवले होते, तोंडात कोणी घालत नव्हतं. तासाला सुरुवात झाली, मॅडमनी खडू ठेवून विचारलं आणि पाटी काळीच राहिली. यंत्र बिघडलंय, त्या म्हणाल्या.

संध्याकाळी प्राची विभागात आली. मॅडम एकट्याच होत्या. तिने दार लोटून घेतलं आणि बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"मॅडम, ते ठिपके खरे नव्हते."

मॅडमना आधी कळेचना. मग प्राचीने सगळं सांगितलं. त्या बीटाच्या तासाला गौतमला उचक्या लागल्या होत्या. मॅडमच्या तासाला उचकी काढायची कोणाची छाती? म्हणून त्याने त्या थांबवायला श्वास रोखून धरला. मग मॅडमनी वळून विचारलं तेव्हा घाबरून सोडला. आणि त्याचा ठिपका उजळला. त्याला बीटाचा ब सुद्धा कळलेला नव्हता. संध्याकाळी बसस्टँडवर सगळ्यांनी त्याची भरपूर मस्करी केली आणि मस्करी करता करता एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला. वर्गातली रेघ खाली गेली की नियमाप्रमाणे शनिवारी पूरक तास लागत होता. शनिवारी प्राचीची पतसंस्था असायची. गौतम तासगावला बेदाण्याच्या शीतगृहात कामाला, त्याच्या तर सगळ्या आठवड्याचा खर्चच शनिवारच्या मजुरीवर उभा. एकीचं बाळ तान्हं होतं. मग ठरलं. श्वास धरायचा, आणि सोडायचा. पडद्याच्या तासांना असली काही भानगड नव्हती, तिथे रेघ पडली तर यंत्र तेवढा भाग फक्त पुन्हा दाखवायचं. म्हणून तिथे कोणी काही केलं नाही.

मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी विचारलं, सगळ्यांनी एकाच वेळी धरायचा तर खूण कोण करायचं, तू?

"खूण तुमचीच होती, मॅडम. तुम्ही खडू ठेवता ना, तेव्हा धरायचा. तुम्ही 'कळलं?' म्हणालात की सोडायचा."

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग हळूहळू अंगाचा तिळपापड व्हायला लागला. ही पोरगी माझ्या स्वयंपाकघरात बसून थालीपीठ खात होती. माझ्या पुस्तकांवर हिचं नाव मी माझ्या हाताने घातलं. आणि वर्गात ही केसाने माझा गळा कापत होती. त्या तसं बोलल्याही. तुम्ही मला जगासमोर तोंडघशी पाडलंत, म्हणाल्या. कळत नव्हतं तर विचारायचं होतं, मी काय खाल्लं असतं?

प्राचीने आठवण करून दिली की पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं. आणि मॅडम भर वर्गात म्हणाल्या होत्या की एवढंही येत नाही तर बी.कॉम. कुठून विकत घेतलंस. मॅडमना ते आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं, यात शंका नव्हती.

"आणि मॅडम, समितीसमोर आम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगून आलात. आम्हाला कोणी विचारलंच नाही."

ती भांडायला आलेली नव्हती, गळ घालायला आलेली होती. पाच दिवसांची सक्ती झाली तर तिच्यासारख्या बारा-तेरा जणांचं शिक्षण इथेच थांबणार होतं. पतसंस्था सोडून शिकावं एवढी ऐपत घरात नव्हती. दोन दिवस वर्ग, तीन दिवस पडदा, हेच आम्हाला झेपतं आणि हेच आम्हाला हवंय, ती म्हणाली. मॅडमनी समितीला सांगून ते परत मिळवून द्यावं. फक्त श्वासाचं बोलू नये. पट्टीशी छेडछाड म्हणजे कॉपी, सगळ्यांचं वर्ष जाईल. मॅडमनी बघते एवढंच म्हटलं आणि तिला जायला सांगितलं.

ती गेल्यावर त्यांनी विभागातला संगणक लावला. रेघा बघायची त्यांना रोजची सवय, पण प्रत्येक ठिपक्याची मूळ नोंद त्यांनी कधी उघडली नव्हती. आता उघडली. वर्गातले चाळीसही ठिपके एकाच श्वासात उजळलेले. एकही पुढे नाही, एकही मागे नाही. आणि बाईंना स्वतःचीच लाज वाटली. एखाद्या बँकेच्या चाळीस शाखांचा नफा एकाच दिवशी सारखाच वाढला तर आधी संशय घ्यायचा, हे त्या दरवर्षी शिकवत होत्या. चाळीस माणसांना एक गोष्ट एकाच क्षणी कधी कळत नसते. कोणाला लगेच कळते, कोणाला चहा पिताना कळते, कोणाला परीक्षेच्या आदल्या दिवशी. हे न दिसायला त्या आंधळ्या नव्हत्या. त्यांना बघायचं नव्हतं, बस.

मग त्यांनी पडद्याच्या तासांच्या नोंदी उघडल्या. तिथले ठिपके विखुरलेले होते, विरळ होते आणि खरे होते. वर्गातले तासही चित्रित होऊन पडद्यावर जात, आणि हळदीच्या वायद्याचा तास प्राचीने घरी पुन्हा लावला होता. थांबवलेला, मागे नेलेला, पुन्हा थांबवलेला. बराच वेळ काही नाही, आणि मग तिचा एकटीचा ठिपका. तास मॅडमचाच होता. तोच आवाज, तीच हळद, तेच पेव. फक्त तिथे प्राचीला मॅडमना मध्येच थांबवता येत होतं.

म्हणजे पोरांना माझी गरज आहे, मॅडमच्या मनात आलं, फक्त मी तिथे नको आहे. हा विचार त्यांना थालीपीठ खाऊन केलेल्या दग्यापेक्षाही जास्त लागला. त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. स्टाफरूमने ज्या बाईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं त्या बाई रडल्या.

समितीची पुढची बैठक आली तोवर राग काही शमला नव्हता. उलट मुरला होता. मॅडम नोंदी छापून घेऊन गेल्या आणि जाताना त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की सगळं सांगायचं, नावांसकट. आपल्याला फसवून हे कोरडेच्या कोरडे सुटणार असतील तर आपण कशाला मूग गिळून बसायचं?

त्यांनी कागद मांडले. वर्गाचे आकडे खोटे आहेत, म्हणाल्या. नाडीचं गणित समजावलं, श्वास धरला की यंत्र कसं फसतं ते स्वतःच्या मनगटावर पट्टी बांधून दाखवलं. समितीसमोर मॅडमचा ठिपका उजळला. हेरवाड्यांचा चेहरा उतरला, कारण याच आकड्यांवर त्यांनी कुलगुरूंपुढे भाषण ठोकलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं की हे ठरवून झालेलं दिसतंय, तर याच्या मागे कोण आहे, आणि कोणाच्या इशाऱ्यावर मुलं श्वास धरत होती. नाव मिळालं तर ठीक, नाहीतर सगळ्या तुकडीचा निकाल रोखावा लागेल.

मॅडमच्या जिभेवर प्राचीचं नाव आलेलं होतं. अगदी टोकावर होतं. पण इशारा कोणाचा, असं विचारलेलं होतं, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर ते नव्हतं.

"इशारा माझा होता," त्या म्हणाल्या. "मी खडू ठेवला की मुलं श्वास धरायची."

बाईंचा हा मोठेपणा वगैरे काही नव्हता. माफ केलं असंही नव्हतं. खरं तेवढं सांगितलं आणि पुढचं सांगायचा त्यांना कंटाळा आला. समितीला मात्र तेवढ्यानेच हायसं वाटलं. एक प्राध्यापिका आपला वर्ग वाचवण्यासाठी मुलांना श्वास धरायला शिकवते, हे सगळ्यांच्या सोयीचं होतं. मुलांना कोणी हात लावला नाही. सक्ती गेली. आणि मॅडमचा वर्गही गेला. दोन दिवससुद्धा नाही, एक दिवससुद्धा नाही. वित्ताचा सगळा विषय पडद्यावर, मॅडमचेच चित्रित तास, मॅडमचाच आवाज. खुद्द मॅडमची बदली हजेरीच्या खोलीत.

त्या विभागातलं आपलं कपाट रिकामं करत होत्या तेव्हा प्राची आली. बरोबर कोणी नव्हतं. बाकीची तोंड दाखवायला लाजत होती, किंवा त्यांना यावंसं वाटलं नव्हतं, काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. प्राचीने माफी मागितली. तुमच्यामुळे सगळ्यांचं वर्ष वाचलं, म्हणाली. आम्हाला वर्ग नको होता असं नव्हतं, पण हे असं होईल असं वाटलं नव्हतं, असंही म्हणाली. मॅडमनी खोकं बांधायचं थांबवलं नाही. त्यांना तिचा राग येत होता, आणि पोर वाळलीय हेही दिसत होतं, आणि ते दिसतंय याचाही राग येत होता. दोरीची गाठ मारून झाल्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या.

"प्राची, एक खरं सांग. माझ्यासमोर बसून, माझ्या वर्गात, एकदा तरी काही कळलं होतं का तुला?"

प्राचीने वर पाहिलं. मनगटावर आता पट्टी नव्हती, समोर पाटी नव्हती. तिने श्वास आत घेतला आणि तो तिथेच धरला. मग सावकाश सोडला.

"हो, मॅडम," ती म्हणाली. "खूपदा."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खोकं उचलून कडेवर घेतलं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "जतची गाडी चुकेल तुझी."